ग्राहकाच्या शब्दांत

मंगळवारी सकाळी नऊ पस्तीसला मी गाडी सर्व्हिस सेंटरच्या दारात लावली. मीटरवर अठरा हजार चारशे सहा किलोमीटर होते. हे आकडे आठवणीतून लिहीत नाही, वहीत आहेत. वर्तमानपत्राच्या शहर-पानावर सत्तावीस वर्षं काढली की माणसाला दोन सवयी लागतात: घड्याळात बघायची आणि ऐकलेलं लगेच लिहून ठेवायची. पहिल्या सवयीने झोप उडते, दुसरीने संसारात भांडणं होतात. या प्रकरणात मात्र दोन्ही उपयोगी पडताहेत, असं मी बरेच दिवस समजत होतो.

गाडी बायकोच्या नावावर आहे आणि चालवतेही तीच. ती डोळे तपासते. तिचा दवाखाना रेल्वे फाटकाच्या पलीकडे, आणि आमची वसाहत टेकडीवर. दारातून निघालं की सव्वा किलोमीटरचा सरळ उतार, आणि उतार संपतो तिथे फाटक. सकाळी आठ चाळीसच्या आसपास एक मालगाडी जाते, त्यामुळे ती पोहोचते तेव्हा फाटक बहुतेक पडतच असतं. आमच्या घरात ब्रेक हा चर्चेचा विषय नव्हता, कारण तो नीट असणं गृहीत होतं. तक्रार एवढीच होती की ब्रेक लावला की पुढच्या डाव्या चाकातून टकटक यायची.

सर्व्हिस सेंटर म्हणजे एक लांबलचक दालन. एका बाजूला चार काउंटर, दुसऱ्या बाजूला सोफे आणि कॉफीचं यंत्र, आणि मध्ये जमिनीपासून छतापर्यंत काचेची भिंत. काचेपलीकडे वर्कशॉप. आपली गाडी लिफ्टवर चढलेली ग्राहकाला दिसावी, म्हणजे त्याचा विश्वास बसतो, अशी ती योजना. आवाज मात्र काचेतून येत नाही. माणसं हातोडे मारतात, हसतात, एकमेकांवर ओरडतात, आणि आपल्याला फक्त कॉफीच्या यंत्राची घरघर ऐकू येते.

तीन काउंटर चालू होते. चौथ्यावर खुर्ची उलटी करून ठेवली होती आणि 'बंद' अशी पाटी होती. मी दोन नंबरला गेलो. तिथल्या अॅडव्हायझरचं नाव त्याच्या बिल्ल्यावर होतं, पण आमच्या घरात तो 'होऊन जाईल' याच नावाने ओळखला जातो. काहीही विचारा, तो हसून म्हणतो, "होऊन जाईल, सर."

त्यांच्या जॉब कार्डावर वरच्या बाजूला एक रकाना असतो: 'तक्रार, ग्राहकाच्या शब्दांत'. ग्राहक जे बोलेल ते जसंच्या तसं लिहायचं, स्वतःची भाषा घालायची नाही, असा कंपनीचा नियम. शेजारी 'तक्रार सांगणारा' आणि 'वेळ'. खाली अठ्ठेचाळीस तपासण्यांची यादी, प्रत्येकीपुढे टिक मारायला चौकोन. होऊन-जाईलने मुंग्यांच्या रांगेसारख्या अक्षरात लिहिलं: 'ब्रेक लावला की पुढच्या डाव्या चाकातून टकटक येते.' सांगणारा: पती. वेळ: ९.४०. मी वाचून सही केली.

काचेतून मी थोडा वेळ बघत थांबलो. आमचं कार्ड घेतलेल्या मेकॅनिकने आधी पेन काढलं, वरपासून खालपर्यंत अठ्ठेचाळीस चौकोनांत टिका मारल्या, कार्ड वायपरखाली खोचलं आणि मग बॉनेट उघडलं. पाया नाही तोच कळस. मी ते वहीत लिहिलं.

संध्याकाळी गाडी धुऊन-पुसून उभी होती. टकटक जशीच्या तशी. भरीला एका चाकाची टोपी गायब, स्टीअरिंगवर काळ्या ग्रीसचा अंगठा. घरी येऊन मी कार्डाची प्रत नीट वाचली. तक्रारीच्या रकान्यात माझ्या ओळीखाली दुसरी ओळ होती. वेगळं अक्षर, गोल, सुटं, किंचित डावीकडे कललेलं.

'मागची काच आतून रडते.' सांगणारा: ग्राहक. वेळेचा रकाना कोरा.

मी फोन केला. "दुसरी ओळ माझी नाही."

"सर, ग्राहकाचेच शब्द असतात. आम्ही पदरचं काही घालत नाही."

"ग्राहक म्हणजे माझी बायको. ती आलीच नव्हती."

"मग दुसऱ्या कार्डाची ओळ चुकून आली असेल. होऊन जातं, सर."

"आणि टकटक?"

"आणा परत कधीही. होऊन जाईल."

नऊ दिवसांनी, गुरुवारी संध्याकाळी, बायको दवाखान्यातून आली आणि किल्ली खुंटीला अडकवता अडकवता म्हणाली, "तुझ्या सर्व्हिसवाल्यांनी काय दिवे लावलेत बघ जरा. मागची काच आतून रडते."

मी विचारलं, "रडते हा शब्द तुला कसा सुचला?"

"पाणी ओघळतंय तिच्यावरून. मग काय, हसते म्हणू?"

मी खाली जाऊन बघितलं. पंधरा दिवसांत पाऊस नव्हता. मागच्या काचेचा फक्त उजवा अर्धा भाग आतून ओला होता, श्वासाने ओलावा धरतो तसा. डावा भाग कोरडा ठणठणीत. मी फडक्याने पुसली. सकाळी पुन्हा तेच.

त्या वेळी माझा संशय अगदी सरळ होता. हे लोक एक बिघाड दुरुस्त करताना दुसरा पेरून ठेवतात आणि कोणता पेरला ते स्वतःच्या माहितीसाठी लिहून ठेवतात. यावेळी चुकून ते ग्राहकाच्या प्रतीवर उतरलं. शहर-पानावर याहून मूर्ख चोऱ्यांच्या बातम्या मी लावल्या आहेत.

म्हणून दुसऱ्या खेपेला तयारीने गेलो. गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढले. दोन तक्रारी सांगितल्या, टकटक आणि काच. दोनच ओळी लिहिल्या गेल्या. त्या वाचून लगेच दुसऱ्या ओळीच्या बुडाला लागून सही केली, खाली काही लिहायला जागाच राहू नये अशी. मग काचेजवळचा सोफा धरून बसलो तो उठलोच नाही. चाक काढताना दिसलं. चाक बसवताना दिसलं. मेकॅनिकने पिवळ्या रंगाचा ब्रश घेऊन आत कुठेतरी खुणा केल्या. बोल्ट पूर्ण आवळला की त्यावर पिवळी रेघ मारायची, म्हणजे राहिलेला कोणता ते कळतं, अशी त्यांची पद्धत. मध्ये वीसेक मिनिटं एक मोठी गाडी आडवी आली, तेवढंच माझ्या नजरेआड गेलं.

संध्याकाळी प्रत हातात आली. माझ्या सहीखाली तिसरी ओळ होती. तेच गोल अक्षर.

'मागे कुणी बसलेलं नाही तरी पट्ट्याची घंटी वाजते.' सांगणारा: ग्राहक. वेळ कोरी.

मी कार्ड होऊन-जाईलच्या समोर ठेवलं. "हे अक्षर कुणाचं?"

त्याने वाकून बघितलं आणि पहिल्यांदाच हसला नाही.

"चार नंबरचं असेल."

मी वळून पाहिलं. खुर्ची उलटी, पाटी जागच्या जागी. टेबलावर धूळ नव्हती, एवढं मात्र नोंदवलं पाहिजे.

"चार नंबर तर बंद आहे."

"हो सर. बंदच आहे," तो म्हणाला आणि पुढच्या टोकनचं बटण दाबलं.

घंटी चौथ्या दिवशी वाजली. तेव्हा मी गाडीत होतो. बायकोने गाडी सुरू केली आणि टिंग-टिंग-टिंग असा आवाज सुरू झाला. समोरच्या पडद्यावर पाच सीटांचं चित्र आलं, त्यातलं मागचं उजवं सीट लाल.

ती मागे वळून म्हणाली, "मागे कुणी बसलेलं नाही तरी पट्ट्याची घंटी वाजते." मग माझ्याकडे बघून हसली. "तुझी आई असेल. जन्मात कधी पट्टा लावला नाही बाईंनी."

आईला जाऊन सहा वर्षं झाली. मीही हसलो. मग उतरून मागे गेलो आणि रिकाम्या सीटवरून पट्टा ओढून खाचेत अडकवला. घंटी बंद झाली. कोपऱ्यापर्यंत गेलो असू, तेवढ्यात मागे खट् झालं, पट्टा सुटून सर्रकन वर गेला आणि टिंग-टिंग पुन्हा सुरू. परत अडकवला. परत सुटला. खाचेत दोष असणार, हे मी तिला मोठ्याने सांगितलं.

त्या संध्याकाळी मी तिला दोन्ही कार्डं दाखवली. तिने चष्मा लावला, अक्षर उजेडाकडे धरून बघितलं.

"कोण आहे रे ही? माझ्यासारखंच बोलते."

"वर्कशॉपमधला कुणीतरी."

"मग त्याला म्हणावं, एवढं कळतं तर काच दुरुस्त कर. लिहून काय ठेवतोस."

तिसऱ्या खेपेला शुक्रवारी गेलो तेव्हा गाडी ठेवायचीच नाही असं ठरवून गेलो होतो. घंटीची तक्रार नोंदवायची, मॅनेजरला भेटायचं आणि परत. मॅनेजर जागेवर नव्हता. होऊन-जाईलने नवं पॅड काढलं, वरचं पातळ वेष्टन नखाने माझ्यासमोर फाडलं आणि पहिलं कार्ड पुढे ओढलं. ते कोरं नव्हतं.

'अरे, हे खालीच जातंय.'

सांगणारा: ग्राहक. वेळ कोरी.

दोघांनीही ते एकाच वेळी वाचलं. त्याचा हात मात्र सवयीने चालत राहिला. "काच असेल, सर. खिडकीची. कधीकधी वर राहत नाही, खाली जाते." आणि जागेवरून न उठता त्याने 'खिडक्यांच्या काचा' पुढे टिक केली आणि लिहिलं: 'तपासल्या, ठीक.'

गाडीत खाली जाणाऱ्या गोष्टी दोनच. एक खिडकीची काच. दुसरी ब्रेकचं पेडल. माणूस काच खाली जाताना बघून 'अरे' म्हणत नाही.

मी कार्ड पॅडपासून फाडून घेतलं. तो नको म्हणाला नाही.

आमच्या धंद्यातही काही मजकूर आधी लिहिलेला असतो. मोठी माणसं आजारी पडली की त्यांच्यावरचा लेख आम्ही तयार करून ठेवतो. जन्म, शिक्षण, कार्य, सगळं जुळवलेलं. फक्त वेळेची जागा मोकळी सोडायची, ती शेवटी भरायची. असे लेख मी स्वतः शंभरेक लिहिले असतील आणि त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. त्या दिवशी पार्किंगमध्ये उभा राहून मी त्या कार्डावरचा वेळेचा रिकामा चौकोन बघत होतो.

तिथून गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, हँडब्रेकवर हात ठेवून, थेट एका जुन्या मिस्त्रीकडे नेली. पत्र्याची शेड, एक खड्डा, एक दिवा. मिस्त्री साठीचा. शोरूमचं नाव ऐकून त्याने पानाच बाजूला ठेवला.

"धुतात मात्र झकास," तो म्हणाला. "गाडी धुतली की गिऱ्हाईकाचे डोळेही धुतले जातात. सांगा, काय होतंय?"

"ब्रेक. सगळं उघडून बघा. मी इथेच बसतो."

"बसा की. बघण्याचे वेगळे घेत नाही."

वीस मिनिटांनी त्याने मला खड्ड्याजवळ बोलावलं. पुढच्या डाव्या चाकात ब्रेकची पकड ज्या दोन बोल्टांवर बसते, त्यातला एक त्याने पान्याशिवाय, दोन बोटांनी फिरवून काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. बोल्टवर पिवळी रेघ होती. स्वच्छ, ताजी.

"ही रेघ म्हणजे आवळला. आणि हा बोल्ट म्हणजे नाही आवळला," मिस्त्री म्हणाला. "आधी रेघ मारली, मग जेवायला गेला असेल."

टकटक हीच होती. त्याने नवा बोल्ट घातला, माझ्यासमोर आवळला, चारही चाकं उघडली. मागच्या काचेचं सुटलेलं रबर बसवलं. मग आम्ही दोघं उतारावर गेलो, दोनदा. गाडी खिळल्यासारखी थांबत होती. मागे घंटी वाजत होती.

"हिचा जोड काढून टाकू का? डोकं उठवते."

"नको. तक्रारीला पुरावा राहू दे."

परत येताना मी विचारलं, "तो बोल्ट पडला असता तर पेडल खाली गेलं असतं ना?"

मिस्त्रीने मान हलवली. "चाक धरलं असतं, गाडी ओढली असती. पेडल खाली जायचं कारण निराळं. तेल गळतं नाहीतर आत हवा धरते. ते सगळं बघितलंय मी. कोरडं आहे. बोल्टाने पेडल खाली जात नाही, साहेब."

हे वाक्य मी वहीत लिहिलं. लिहिलं आणि पान उलटलं. एखादी बातमी मनासारखी जुळत आली की न जुळणारी एक ओळ सगळेच बातमीदार शेवटच्या परिच्छेदात ढकलतात. तिथे ती जागेअभावी कापली जाते.

कारण माझ्याकडे आता उत्तर होतं. वर्कशॉपमध्ये कुणीतरी होता, ज्याला ढिला बोल्ट माहीत होता. रबर सुटलंय, खाच बिघडलीय हेही माहीत होतं. वरिष्ठांना सांगायची सोय नसल्याने तो कार्डांवर लिहीत होता. आतला माणूस. अशा माणसांनी दिलेल्या चिठ्ठ्यांवर मी निम्मं आयुष्य काढलं आहे. शब्द बायकोच्या शब्दांशी जुळले हा योगायोग. चार-आठ शब्दांचं वाक्य दोन माणसं सारखंच बोलू शकतात. वेष्टनातल्या कोऱ्या पॅडचं काय, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही.

पाच दिवस बायको गाडी नेत होती. टकटक गेली, काच कोरडी राहिली. घंटी तेवढी रोज वाजायची, दारापासून दवाखान्यापर्यंत. कधी सुरू होते, कधी बंद होते ते मला फोन करून सांगायचं, असं मी तिला बजावलं होतं. फोन गाडीच्या स्पीकरवर असतो, तिला हात लावावा लागत नाही.

"दुसऱ्यांचे नवरे बायकोला जेवलीस का विचारतात," ती म्हणाली. "हा घंटीची वेळ विचारतो." पण रोज सांगायची.

सहाव्या दिवशी गुरुवारी सकाळी मी बसने सर्व्हिस सेंटरला गेलो. खिशात पिवळ्या रेघेचा बोल्ट आणि तिन्ही कार्डं होती. आतला माणूस शोधायचा होता. काउंटर उघडायला वेळ होता. दालनात एकट्या सफाईच्या मावशी होत्या, पाण्याची बादली घेऊन काचेची भिंत पुसत होत्या, जुन्या वर्तमानपत्राच्या बोळ्याने. माझंच पान होतं.

मी कार्ड त्यांच्यासमोर धरलं. "मावशी, हे अक्षर कुणाचं ओळखता का?"

त्यांनी हात पदराला पुसले. "मास्तरांचं."

"कोण मास्तर?"

"चार नंबरला बसायचे. आधी शाळेवर होते म्हणतात. गिऱ्हाईक यायच्या आधीच कार्डं लिहून ठेवायचे. पोरं हसायची. मास्तर म्हणायचे, गाडी आधी बोलते, माणूस नंतर. आणि गिऱ्हाईक येऊन तेच बोलायचं हो. शब्दाला शब्द."

"आता कुठे असतात?"

मावशींनी बोळा पाण्यात बुडवून पिळला.

"ब्रेकचं काम झालं की गाडी फिरवून आणायला मास्तर जायचेच. चालवायचे नाहीत. मागच्या उजव्या सीटवर बसायचे. पट्टा नाही लावायचे, घंटी वाजत राहायची, पुढचा वैतागायचा. मास्तरांचं म्हणणं, पट्टा लावला की गाडीचं दुखणं अंगाला कळत नाही."

"कधीच नाही लावायचे?"

"ब्रेकवर भरवसा नसला की लावायचे. तोंडाने सांगायचे नाहीत. मागे घंटी बंद झाली की पुढच्याने समजायचं आणि गाडी कडेला घ्यायची. ठरलेलंच होतं ते इथे."

"मग?"

"मग एक दिवस घंटी बंद झाली," मावशी म्हणाल्या, "आणि पुढच्याने रेडिओ लावला होता."

त्या पुन्हा काच पुसू लागल्या.

माझा फोन वाजला.

"हं, लिहून घे," बायको म्हणाली. आवाजात हसू होतं. "तुझी घंटी बंद झाली."

"कधी?"

"नक्की नाही सांगता येणार. रेडिओ चालू होता. उताराच्या तोंडाशी लक्षात आलं की अरेच्चा, शांत आहे सगळं."

"आरशात बघ. मागचा पट्टा."

"थांब हं." दोन सेकंद गेले. "लावलेला आहे. तूच लावलास ना सकाळी? चांगला घट्ट बसलाय, सुटत नाही आज."

"गाडी कडेला घे."

"आता? उतारावर? मागे बस आहे रे."

"कडेला घे. आत्ता."

"फाटक पडतंय बघ खाली. तिथे थांबायचंच आहे. थांबले की बोलते."

फोनमधून फाटकाची घंटा ऐकू येत होती. गाडीतून दुसरा काही आवाज नव्हता.

कार्ड माझ्या हातात होतं. मावशींनी काच पुसणं थांबवलं होतं. मी सवयीने समोरच्या घड्याळाकडे पाहिलं. आठ बेचाळीस.

"अरे," ती म्हणाली.